दिनदर्शिका २०२६ : मास्क वापरून केलेल्या छायाचित्र-संस्करणाच्या नोंदी

९ जून २०२५

बेळगावातील एका पतसंस्थेच्या २०२६ सालच्या भिंतीवरील दिनदर्शिकेसाठी बारा छायाचित्रे तयार करण्याचे काम आमच्या शहापूरच्या स्टुडिओकडे आले आहे. विषय सगळे याच भागातले आहेत : किल्ल्यातील कमल बस्ती हे जैन मंदिर, हलशीचे भूवराह नरसिंह मंदिर, गोकाकचा धबधबा, वडगावातील माग, वैशाखातील शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक, येळ्ळूरचा राजहंसगड आणि खानापूरकडच्या जंगलातील काही दृश्ये. मजकूर मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत छापला जाणार असल्याने चित्राखाली दुप्पट जागा सोडावी लागणार आहे. पानावरील चित्राचा आकार १८ बाय १२ इंच असून छपाई ऑफसेटवर, ३०० डीपीआयने होईल.

संस्थेची अट एकच आहे, ती म्हणजे चित्रे भडक नकोत. या अटीमागचे कारण त्यांनी मागील वर्षाची दिनदर्शिका समोर ठेवून दाखवले. त्यात प्रत्येक चित्रावर शार्पनचा, म्हणजे चित्राला धार आणणारा, फिल्टर सरसकट फिरवलेला होता. त्यामुळे देवळाच्या दगडावर कोरीव काम उठून दिसत असले तरी त्याच चित्रातील आकाशावर रवा पसरल्यासारखे दाणे आले होते आणि माणसांच्या गालांवर वाळू उडाल्याचा भास होत होता. फिल्टर चुकीचा नव्हता, तो सगळीकडे सारखा लागला हीच चूक होती. म्हणून या कामात कोणताही फिल्टर मास्कशिवाय, म्हणजे तो कोठे किती दिसावा हे ठरवणाऱ्या काळ्या-पांढऱ्या आवरणाशिवाय, लावायचा नाही असे मी आणि पुतण्याने ठरवले, आणि हा नियम कुठे मोडावा लागला तेही या वहीत लिहून ठेवायचे ठरवले.

१२ जून २०२५

काम गिंप या चित्र-संस्करणाच्या सॉफ्टवेअरच्या तिसऱ्या आवृत्तीत करणार आहोत. मार्च २०२५ मध्ये आलेल्या या आवृत्तीत लेयरवर (चित्राच्या एका थरावर) लावलेला फिल्टर लेयरच्या पिक्सेलमध्ये कायमचा मुरत नाही. तो वेगळा राहतो, बंद-चालू करता येतो आणि त्याचे आकडे नंतरही बदलता येतात. पुतण्याचा हात फोटोशॉपवर बसलेला आहे, म्हणून त्याला पहिल्याच दिवशी एक फरक समजावून सांगावा लागला. फोटोशॉपच्या स्मार्ट फिल्टरला स्वतःचा मास्क असतो, क्रिता या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमधील फिल्टर मास्कही फिल्टरपुरताच असतो. गिंपमधील लेयर मास्क मात्र लेयर किती दिसावा हे ठरवतो. त्यामुळे मूळ चित्राचा लेयर खाली ठेवून, त्याची प्रत वर घेऊन, फिल्टर त्या प्रतीवर लावायचा आणि मास्कही त्या प्रतीलाच द्यायचा, अशी रचना प्रत्येक चित्रात राहील. मास्कमध्ये पांढरे असेल तेथे फिल्टर लागलेली प्रत दिसते, काळे असेल तेथे खालचे मूळ चित्र दिसते आणि करडे असेल तेथे दोन्हींचे मिश्रण दिसते. फोटोशॉपमध्ये एकाच स्मार्ट ऑब्जेक्टवर (स्मार्ट फिल्टर घेणाऱ्या लेयरवर) कितीही स्मार्ट फिल्टर लावले तरी त्या सर्वांना मिळून एकच मास्क मिळतो, हे लक्षात घेता गिंपची ही रीत थोडी लांबची असली तरी आमच्या कामाला सोयीची आहे, कारण नॉइज (चित्रातील नको असलेले दाणे) कमी करण्याचा मास्क आणि शार्पनचा मास्क आम्हाला वेगवेगळे हवे आहेत.

आज एक चूक झाली, ती नोंदवतो. मास्क थोडा मऊ करावा म्हणून गॉशियन ब्लर हा अस्पष्ट करणारा फिल्टर लावला, पण लेयरच्या छोट्या चित्रावर क्लिक झालेले असल्याने मास्क तसाच राहिला आणि चित्रच पुसट झाले. यापुढे मास्कला हात लावण्यापूर्वी त्याच्या छोट्या चित्राभोवतीची चौकट पाहायची. चौकट हिरवी असेल तर मास्कच पडद्यावर दिसत असतो, आणि लाल असेल तर तो बंद केलेला असतो.

१८ जून २०२५

कमल बस्तीचे चित्र घेतले. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज याने १२०४ मध्ये ही बस्ती बांधली. मंडपाच्या छतातून खाली उतरलेले दगडी कमळ हेच या पानाचे मुख्य चित्र आहे. तिपाई नेलेली नव्हती, म्हणून छायाचित्र हातात कॅमेरा धरून ६४०० आयएसओवर, म्हणजे कॅमेऱ्याची संवेदनशीलता बरीच वाढवून, घेतलेले आहे. बाहेरून येणारा उजेड खांबांच्या गुळगुळीत अंगावर पडतो, पाकळ्यांच्या कडांना स्पर्श करतो आणि छताच्या कोपऱ्यांत काळोख तसाच राहतो. काळोखात नॉइज भरपूर आहे, उजेडात जवळजवळ नाही.

असे का होते हे पुतण्याने विचारले, तेव्हा त्याला हिशोब करून दाखवला. प्रकाशाचे कण मोजताना होणारा स्वाभाविक चढउतार हा त्यांच्या संख्येच्या वर्गमुळाइतका असतो. एका पिक्सेलने दहा हजार कण टिपले तर चढउतार शंभराचा, म्हणजे एक टक्का. शंभरच कण टिपले तर तो दहाचा, म्हणजे दहा टक्के. तेव्हा नॉइज कमी करणारा फिल्टर जेथे अंधार आहे तेथेच हवा, आणि अंधार कोठे आहे हे चित्राइतके दुसरे कोणीच नेमके सांगू शकत नाही. लेयरला मास्क देताना ‘लेयरची करड्या रंगातील प्रत’ हा पर्याय निवडला, तो मास्क उलटा केला आणि लेव्हल्स या उजळपणा बदलण्याच्या साधनाने त्याचा मधला भाग थोडा खाली ओढला. ब्रश हातात न घेता दहा मिनिटांत मास्क तयार झाला, आणि खांबाच्या गोलाईवर उजेड जसजसा कमी होत जातो तसतसा फिल्टरही वाढत गेला. हाताने रंगवून हा उतार इतका सलग साधला नसता.

१९ जून २०२५

कालच्या चित्रात एक दोष राहिला होता. पाकळ्यांच्या सावलीतील कडाही अंधारातच येतात, त्यामुळे नॉइजबरोबर त्यांची धारही गेली. उपाय म्हणून चित्राच्या कडांचा दुसरा मास्क तयार करून तो पहिल्यातून वजा करायचा, म्हणजे कडेवर फिल्टर लागणार नाही, असे योजले. करड्या प्रतीवर सोबेलचा कडा शोधणारा फिल्टर चालवला, तर सगळे छतच पांढऱ्या ठिपक्यांनी भरून गेले. अर्धा तास डोके खाजवल्यावर उलगडा झाला : फिल्टरने नॉइजचा प्रत्येक दाणा ही एक कड मानली होती. हा मास्क वजा केला असता तर ज्या नॉइजला हटवायचे त्यालाच आम्ही संरक्षण दिले असते.

मग क्रम बदलला. प्रतीवर आधी दोन पिक्सेलचा गॉशियन ब्लर लावला, त्यानंतर सोबेल चालवला, लेव्हल्सने फिकट रेषा काळ्या करून टाकल्या आणि उरलेल्या जाड रेषांना पुन्हा तीन पिक्सेलचा ब्लर दिला. आता मास्कमध्ये पाकळ्या, खांबांची कडी आणि तुळयांच्या कडा एवढेच उरले आहे. हाच मास्क शार्पनच्या लेयरलाही वापरला, फक्त तेथे तो वजा न करता सरळ दिला. म्हणजे एकाच मास्कने एका फिल्टरला कडेपासून दूर ठेवले आणि दुसऱ्याला कडेवरच बसवले.

गंमत अशी की शार्पनच्या या फिल्टरचे ‘अनशार्प मास्क’ हे नावही मास्कवरूनच आलेले आहे. डार्करूममध्ये निगेटिव्हची मुद्दाम अस्पष्ट केलेली पॉझिटिव्ह प्रत काढून ती निगेटिव्हला जोडून छापत, आणि त्या अस्पष्ट मास्कमुळे छापील चित्र अधिक रेखीव येई. धार आणणाऱ्या साधनाच्या नावात अस्पष्टता कशी आली, हे कोडे मला उमेदवारीच्या काळात बरेच दिवस पडलेले होते.

२४ जून २०२५

पावसामुळे दुपारभर वीज नव्हती. २४ मेगापिक्सेलच्या चित्राचा एक लेयर १६ बिटमध्ये, पारदर्शकतेची माहिती (आल्फा) न धरताही, सुमारे १४४ मेगाबाइट होतो. कमल बस्तीच्या फाइलमध्ये असे चार लेयर आहेत. बॅटरीच्या भरवशावर इतकी मोठी फाइल सेव्ह करत बसणे धोक्याचे वाटले, म्हणून काम थांबवले.

१ जुलै २०२५

वडगावच्या विणकराचे चित्र आजपासून घेतले. माणूस मागावर बसलेला, समोर ताण्याचे (उभे) धागे पसरलेले, आणि पाठीमागच्या भिंतीवर जुनी दिनदर्शिका, वायरी, प्लॅस्टिकची पिशवी व खिडकी असा पसारा. पार्श्वभूमी अस्पष्ट करायची होती. पुतण्याने माणसाचे सिलेक्शन काळजीपूर्वक केले, प्रतीवर तीस पिक्सेलचा ब्लर लावला आणि माणसाच्या जागी मास्क काळा केला. मास्कची कड अगदी अचूक होती, तरीही माणसाच्या पांढऱ्या सदऱ्याभोवती धुक्यासारखा उजळ पट्टा दिसत होता. त्याने मास्क दोन पिक्सेल आत घेतला, बाहेर घेतला, मऊ केला, पट्टा हलेना.

दोष मास्कमध्ये नव्हताच. ब्लर लागताना प्रत्येक पिक्सेल आजूबाजूच्या पिक्सेलमध्ये मिसळतो, म्हणजे सदऱ्याचा पांढरा रंग मास्क लागण्याआधीच भिंतीत सांडून गेलेला होता. मास्कने माणसावरचा ब्लर झाकला, पण भिंतीवर सांडलेला माणूस झाकला नाही. फिल्टरने काय दिसावे हे मास्क ठरवतो. फिल्टरने काय वाचावे हे तो ठरवत नाही. एवढी एक गोष्ट नीट समजली की अर्ध्या तक्रारी मिटतात, असे माझे मत झाले आहे.

उपाय वेळखाऊ असला तरी सरळ आहे. ब्लर लावायच्या प्रतीतून माणसाला आधीच काढून टाकायचे. क्लोनच्या साधनाने भिंतीचा रंग माणसाच्या कडेपासून साठ-सत्तर पिक्सेल आतपर्यंत ओढून घेतला. पूर्ण माणूस पुसण्याची गरज नव्हती, कारण ब्लरची पोच तेवढीच होती. हे काम ओबडधोबड झाले तरी चालते, त्यावर ब्लर येणारच असतो. मग ब्लर लावला, तोच मास्क दिला, आणि पट्टा गेला.

ताण्याच्या धाग्यांना मात्र एकच कड नाही. ते कॅमेऱ्यापाशी स्पष्ट आहेत आणि मागे भिंतीकडे जाताना त्यांची स्पष्टता कमी व्हायला हवी. तेथे मास्कवर काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचा ग्रेडियंट ओढला. ग्रेडियंट कोठून सुरू करायचा यावर बराच वाद झाला आणि शेवटी तो विणकराच्या गुडघ्याच्या रेषेपासून सुरू केला, कारण जे अंतर माणसाचे तेच त्याच्या शेजारच्या धाग्यांचे.

३ जुलै २०२५

विणकराच्या चेहऱ्यावर खिडकीचा आडवा उजेड आहे आणि त्यामुळे त्वचेतील खड्डे जास्तच उठून दिसतात. मी प्रतीवर ब्लर लावून चेहऱ्यापुरता मास्क दिला. पुतण्या पाठीमागून पाहत होता, म्हणाला, “काका, मेणाच्या भावलीगत दिसायलंय की.” त्याचे म्हणणे खरे होते. तो लेयर पुसला, वेव्हलेट डिकंपोजने चित्राचे बारीक ते मोठ्या तपशिलांचे पाच लेयर व उरलेला एक असे भाग केले, आणि मधल्या एकाच लेयरला गालांपुरता करडा मास्क दिला. बारीक लेयर जसाच्या तसा ठेवल्याने दाढीचे खुंट आणि डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या राहिल्या. साठीच्या माणसाचा चेहरा साठीचा दिसला पाहिजे.

१० जुलै २०२५

गोकाकचा धबधबा. घटप्रभा येथे सुमारे ५२ मीटर खाली कोसळते आणि पावसाळ्यात तिचे पाणी लालसर तपकिरी असते. चित्र गेल्या पावसाळ्यातले आहे. खडकाच्या थरांना धार हवी आहे. पाण्याला आणि तुषारांना ती नको, कारण तुषारांवर शार्पन लागला की पाणी चुरमुऱ्यासारखे दिसू लागते. प्रकाशावरून मास्क काढता येईना, कारण ओला खडकही चमकतो आणि पाण्यातही सावल्या आहेत. शेवटी क्विक मास्क, म्हणजे सिलेक्शन ब्रशने रंगवण्याची सोय, चालू करून हाताने रंगवले. क्विक मास्कमध्ये झाकलेला भाग लाल दिसतो. ऑफसेटच्या जुन्या कामात लाल फिल्म कापून मास्क बनवत, कारण लिथ फिल्मला लाल उजेड दिसत नाही. तीच सवय पुढे पडद्यावर आली. मी स्वतः ती फिल्म ब्लेडने कापलेली असल्याने हा लाल रंग पाहिला की अजूनही बोट सांभाळावेसे वाटते.

१७ जुलै २०२५

हलशीच्या मंदिराच्या चित्राला एकही मास्क लावला नाही. ढगाळ दिवसाचा सारखा उजेड, कमी आयएसओ, भरपूर तपशील. एकच हलका शार्पन संपूर्ण चित्रावर पुरेसा झाला. नियम मोडला, पण चित्रात वेगवेगळ्या वागणुकीचे भागच नसतील तर मास्क कशाचा करायचा? राजहंसगडाच्या चित्रात फक्त आकाश वेगळे ठेवले. जंगलातील चारही चित्रे डार्कटेबल या छायाचित्र-संस्करणाच्या सॉफ्टवेअरमध्ये केली; तेथे बहुतेक मॉड्यूलना (फिल्टरसारख्या साधनांना) स्वतःचा मास्क देता येतो आणि विशिष्ट रंगछटेपुरता परिणाम ठेवता येतो, त्यामुळे ओल्या हिरव्याचा भडकपणा तेवढाच कमी झाला.

२५ जुलै २०२५

छापखान्यातून चार चित्रांचे प्रूफ, म्हणजे छपाईचे नमुने, आले. पडद्यावर जे पाहिले होते त्याचा आणि कागदाचा मेळ बसला नाही, आणि दोन्ही बाजूंनी बसला नाही.

गोकाकच्या चित्रात खडक आणि पाणी यांच्यामध्ये कात्रीने कापल्यासारखी रेषा दिसते. हा मास्क रंगवताना मी कड दोन पिक्सेल मऊ ठेवली होती. ३०० डीपीआयला एक मिलिमीटर म्हणजे सुमारे बारा पिक्सेल. दोन पिक्सेल म्हणजे मिलिमीटरचा सहावा भाग. खडकावरून पाणी निसटते ती जागा छापील चित्रात तीन-चार मिलिमीटर रुंद आहे. प्रत्यक्षातील संक्रमण चार मिलिमीटरचे आणि माझ्या मास्कचे त्याच्या पंचवीसाव्या हिश्शाइतके, मग डोळ्याला खटकणार नाही तर काय? पडद्यावर पूर्ण चित्र मावावे म्हणून आम्ही ते पंचवीस टक्क्यांवर पाहत होतो, तेथे ही रेषा दिसण्याचा प्रश्नच नव्हता.

कमल बस्तीच्या बाबतीत उलटे झाले. ज्या कोपऱ्यांतील नॉइजसाठी दोन संध्याकाळी खर्च केल्या, ते कोपरे छपाईत शाई पसरून जवळजवळ काळेच झाले आहेत. तेथे नॉइज असता तरी कोणाला दिसला नसता. दिसते ते मधल्या सावलीत : फिल्टर अर्धवट लागला आहे तेथे दगड साबणासारखा गुळगुळीत वाटतो. म्हणजे मास्कचा जोर सर्वांत जास्त जेथे होता तेथे त्याचे काम नव्हते, आणि जेथे तो संपत होता तेथेच त्याची परीक्षा होती.

विणकराचे चित्र चांगले आले. हलशीचे सर्वांत चांगले आले, याची पुतण्याने मला मुद्दाम आठवण करून दिली.

२९ जुलै २०२५

दुरुस्त्या केल्या. गोकाकचा मास्क एकाच मापाने मऊ करून चालणार नव्हते, कारण कोरड्या कपारीची कड पाण्याजवळही धारदारच आहे. म्हणून संपूर्ण मास्कवर ब्लर न लावता, जेथे पाणी खडकावरून सांडते त्या पट्ट्याचे सिलेक्शन करून तेवढ्याच भागात मास्कला वीस पिक्सेलचा ब्लर दिला. कपारीजवळ दोनच पिक्सेल ठेवले. डार्करूममध्ये मोठा फोटो छापताना एखादा भाग उजळ ठेवायचा असेल तर उजेडाच्या वाटेत पुठ्ठ्याचा तुकडा धरत आणि तो सतत हलवत ठेवत. तुकडा थांबला की कागदावर त्याची कड उमटे. आकाशाच्या ठिकाणी हात मोठा हलायचा, देवळाच्या शिखराशी अगदी थोडा. मास्कची कड किती मऊ असावी याचे उत्तर माझ्या मनगटाला ठाऊक होते, ते मी माऊस धरताना विसरलो.

कमल बस्तीच्या नॉइजच्या लेयरची अपॅसिटी (दिसण्याचे प्रमाण) १०० वरून ५५ वर आणली आणि मास्कमधील मधले करडे कर्व्हजने आणखी काळे केले. दगडाचा खरखरीतपणा परत आला.

४ ऑगस्ट २०२५

चित्ररथ मिरवणुकीचे चित्र मोबाइलवर काढलेले आहे. मोबाइलने स्वतःच शार्पन करून ठेवल्याने आम्ही काही धार द्यायची नव्हती, उलट रात्रीच्या आकाशातील खरबरीत भाग शांत करायचा होता आणि भगव्या झेंड्यांच्या कापडाचा पोत तसाच ठेवायचा होता. झेंडे पंचवीस-तीस, हलणारे, एकमेकांवर आलेले; हाताने मास्क करणे अशक्य. भगव्या रंगात लाल भरपूर आणि निळा अगदी थोडा असतो, म्हणून पुतण्याने निळा चॅनेल (चित्रातील फक्त निळ्याची नोंद) उलटा करून मास्क म्हणून वापरला. झेंडे पांढरे झाले खरे, पण त्यांच्यासोबत आकाशही पांढरे झाले, कारण काळोखातही निळा नसतोच. मग लाल चॅनेलवरून सिलेक्शन करून त्यातून निळ्या चॅनेलचे सिलेक्शन वजा केले. आकाशात लालही नाही आणि निळाही नाही, तेव्हा ते काळे राहिले; पांढऱ्या दिव्यांत दोन्ही आहेत, तेव्हा तेही वजा झाले; उरले ते झेंडे, फेटे आणि कागदी फुलांच्या माळा, आणि तेवढे भाग सोडून फिल्टर लावला. या माळा आम्ही मागितल्या नव्हत्या, पण त्या राहिल्याने चित्राचे भले झाले. मास्क पुतण्याने केला आहे, म्हणून फाइलमध्ये त्याला नाव देण्याचे काम त्याच्याकडेच दिले.

११ ऑगस्ट २०२५

दुसरे प्रूफ संस्थेने मंजूर केले. छापखान्याकडे फाइली पाठवण्यापूर्वी विणकराला त्याचे चित्र दाखवावे म्हणून वडगावला गेलो. त्याने स्वतःच्या चेहऱ्याकडे पाहिलेच नाही. प्रूफ उजेडाकडे धरून ताण्यावरून बोट फिरवत गेला आणि उजव्या काठाशी थांबला. “ह्यो धागा कुठं गेला?” असे त्याने विचारले. मी चष्मा काढून पाहिले. काठाचा शेवटचा धागा भिंतीच्या उजेडासमोरून जातो आणि माझा ग्रेडियंट सुरू होतो त्या जागी तो ब्लरमध्ये विरघळला होता. पुढे अंधाऱ्या भिंतीवर तो पुन्हा दिसू लागत होता, त्यामुळे मध्येच तुटल्यासारखा वाटत होता. काठाचा धागा तुटलेला माग कोणी चालवत नाही, चित्र पाहणारे हसतील, असे त्याचे म्हणणे पडले.

स्टुडिओत परत येऊन मास्क दोनशे टक्क्यांवर उघडला आणि तीन पिक्सेलच्या मऊ ब्रशने धाग्याच्या वाटेवर काळी रेष ओढली. पुढे तिची अपॅसिटी कमी करत नेली, म्हणजे धागा मागे जाताना बाकीच्या धाग्यांइतकाच अस्पष्ट होतो. धाग्याभोवती भिंतीचा उजेड सांडलेला होता, म्हणून ब्लरच्या प्रतीतून तेवढी पट्टी क्लोनने काढून टाकली. फाइल संध्याकाळी साडेसात वाजता छापखान्याला पाठवली.